मुक्कामाची गावं

२०१४च्या फेब्रुवारीतली गोष्ट. न्यू जर्सीतल्या आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमधली टेबलं भिंतीला लावून तिथे सहा आरामखुर्च्या मांडल्या होत्या. बाहेर गुडघाभर बर्फ. मी सकाळी मुद्दाम पोटभर पोहे खाल्ले होते, दोन तांबे पाणी प्यायले होते, बाही सहज वर जाईल असा कुर्ता घातला होता. लहानपणापासून आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, रक्त द्यायला जाताना पाहिलेलं, त्यामुळे तयारी कशी करायची हे मला कुणी सांगायला नको होतं. वजन, वय, हिमोग्लोबिन सगळं बसत होतं. पडद्याआडच्या टेबलावर एक मध्यमवयीन नर्स माझी प्रश्नावली वाचत होती. तिचं पेन एका ओळीवर थांबलं.

“मागच्या तीन वर्षांत अमेरिका किंवा कॅनडाच्या बाहेर गेला होतात?”

“हो. भारतात.”

“भारतात कुठे कुठे मुक्काम होता?”

“मिरज. आणि दोन दिवस मुंबई.”

“परत कधी आलात?”

“पाच जानेवारीला.”

तिने एक जाड फाइल उघडली, देशांच्या यादीवरून बोट खाली आणलं, भारतापाशी थांबवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “पुढच्या वर्षी पाच जानेवारीनंतर या. एक वर्ष थांबावं लागेल.” तिच्या बोलण्यात जराही कोरडेपणा नव्हता. जाताना खाऊच्या टेबलावरचं काहीतरी घ्या, असंही तिने आग्रहाने सांगितलं. मी बाही खाली केली, कोट चढवला आणि गाडीत येऊन बसले. तिथे मला रडू आलं.

एवढ्याशा गोष्टीचं रडू का यावं, हे मला त्या दिवशी कळलं नाही. नंतर विचार करताना लक्षात आलं की मला बोचला होता तो ‘बाहेर’ हा शब्द. मी बाहेर गेलेच नव्हते. मी घरी गेले होते. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी सहकारी त्याच नाताळात पॅरिसला जाऊन आली होती. तिला त्याच प्रश्नाला ‘हो’ म्हणूनही आत घेतलं, आणि ती हाताला पट्टी बांधून दुपारभर हिंडत होती.

आमच्या घरात रक्त देण्याला फार मोठं स्थान होतं. १९८६ साली माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आईला खूप रक्तस्राव झाला. आप्पा रेल्वेत. मिरज जंक्शनवरची त्यांची सगळी मंडळी दवाखान्यात धावली. आईचा गट बी पॉझिटिव्ह. दोघांचा जुळला. एक आप्पांच्याच टेबलावरचे क्लार्क, दुसरा नुकताच कामाला लागलेला पोरगेलासा पॉइंट्समन. त्याने आयुष्यात कधी सुई टोचून घेतली नव्हती. “तुमच्या आईला दोन बाटल्या लागल्या,” असं आप्पा पुढे कायम सांगायचे. तेव्हा खरंच बाटल्या होत्या की पिशव्या, कुणास ठाऊक. आमच्याकडे अजूनही बाटलीच म्हणतात. त्यानंतर आप्पांनी जे सुरू केलं ते वयोमर्यादा आडवी येईपर्यंत सोडलं नाही. त्रेचाळीस वेळा. गणपतीतलं शिबिर, शिवजयंतीचं, आंबेडकर जयंतीचं, रेल्वे इन्स्टिट्यूटमधलं. घरी आले की आई शिरा करायची, आणि तो शिरा आम्हा भावंडांनाही मिळायचा, म्हणून ते दिवस आमच्या पक्के लक्षात. मी कॉलेजात एन.एस.एस.च्या शिबिरात दोनदा रक्त दिलं. मग लग्न, अमेरिका, बाळंतपण, आणि मध्ये बरीच वर्षं गेली.

तर ते एक वर्ष. कारण होतं मलेरिया. अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या नकाशात हिमालयातला दोन हजार मीटरच्या वरचा थोडा भाग सोडला तर सगळा भारत मलेरियाच्या रंगात आहे. मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलात तीन रात्री काढा किंवा गडचिरोलीच्या जंगलात, हिशोब तोच. नियमाचे दोन भाग होते. जो माणूस अशा देशात पाच वर्षांहून जास्त राहिला, त्याने तो देश सोडल्यावर तीन वर्षं रक्त द्यायचं नाही. आणि इथे नीट स्थिरावल्यावर तिकडे नुसता जाऊन आला, तर परतल्यापासून एक वर्ष.

मी रागावले होते, म्हणून वाचायला बसले. पहिला प्रश्न हा की रक्त तपासत का नाहीत? भारतात प्रत्येक पिशवीच्या पाच तपासण्या कायद्याने सक्तीच्या आहेत: एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, सिफिलिस हा गुप्तरोग आणि मलेरिया. अमेरिकेत या यादीत मलेरिया नव्हता. दान केलेलं रक्त तपासण्यासाठी तिथे मान्यता मिळालेली मलेरियाची चाचणीच तेव्हा नव्हती. ती पहिल्यांदा मिळाली २०२४मध्ये. म्हणजे तोपर्यंत त्या देशाकडे मलेरियासाठी एकच चाळणी होती: पडद्याआडच्या टेबलावरचा तो प्रश्न आणि समोरच्या माणसाने दिलेलं खरं उत्तर.

मलेरियाचा जंतू रक्तातल्या तांबड्या पेशीत राहतो. रक्त फ्रिजमध्ये चार अंशांवर ठेवलं तरी तो लगेच मरत नाही. व्हायवॅक्स जातीचा जंतू यकृतात झोपून राहतो आणि महिन्यांनी जागा होतो. आणि मला सगळ्यात विचारात पाडलं ते वेगळ्याच गोष्टीने. ज्याला आयुष्यभर डास चावलेत, अधूनमधून ताप येऊन गेलाय, त्याच्या शरीराने त्या जंतूशी एक प्रकारची तडजोड केलेली असते. अंगात थोडेसे जंतू असतात, पण ताप नाही, थंडी नाही, काहीच नाही. असा माणूस हसतखेळत रक्त द्यायला येतो. ते रक्त ज्याच्या अंगात जातं त्याच्या शरीराने मात्र मलेरिया कधी पाहिलेलाच नसतो. शिवाय तो आधीच आजारी. आणि तिथल्या डॉक्टरच्या डोक्यात मलेरिया येतच नाही, कारण रुग्ण ओहायोच्या बाहेर कधी गेलेला नसतो. ताप वाढत जातो आणि सगळे दुसरीकडे शोधत बसतात.

हे नुसतं पुस्तकातलं नाही. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २००१ साली एक अभ्यास आला होता. १९६३ ते १९९९ या काळात अमेरिकेत रक्तातून मलेरिया झालेल्या ९३ जणांची नोंद त्यात आहे. त्यातले १० गेले. सदतीस वर्षांत ९३ म्हणजे थोडेच, असं वाटेल. पण पुढचा आकडा वाचून मी थांबले. रक्त देणाऱ्याची पुरेशी माहिती मिळालेल्या ४८ जणांपैकी ३० जणांना, रक्त देताना जो नियम लागू होता तोच नीट लावला असता, तर आधीच थांबवता आलं असतं. कुठे विचारणाऱ्याचं चुकलं असेल, कुठे सांगणाऱ्याचं. तीस वेळा टेबलाच्या दोन बाजूंना दोन माणसं बसली होती आणि त्यांच्यामधलं ते दोन मिनिटांचं बोलणं नीट झालं नव्हतं.

हे इतकं सविस्तर लिहायचं कारण आहे. माझी हकिकत ऐकून तेव्हा आमच्या ओळखीतल्या तिघाचौघांनी मला एकच सल्ला दिला: “अगं, सांगायचंच कशाला? आपल्याला काही झालेलं नाहीये. ते काय पासपोर्ट बघतात?” पासपोर्ट बघत नाहीत, हे खरं. सांगणारी सगळी चांगली माणसं. कुणाचं तरी भलं व्हावं म्हणूनच रक्त द्यायला निघालेली. म्हणूनच त्यांचा मला जास्त धसका वाटतो. वाईट हेतूने रक्त द्यायला कोण जातं? ते ३० जणही चांगलेच असणार. त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला वाटतं की प्रश्न आपल्याबद्दल आहे, आपल्या गावाबद्दल आहे, आपल्या स्वच्छतेबद्दल आहे. माझंही तसंच झालं होतं. पण नर्स तो प्रश्न तिथे नसलेल्या माणसाच्या वतीने विचारत असते. तो कुठेतरी खाटेवर पडलाय आणि त्याला तुमची एकही गोष्ट विचारता येणार नाहीये.

हे पटलं, तरी माझा प्रश्न सुटला नव्हता. मी कॅलेंडरवर २०१५च्या जानेवारीची खूण करून ठेवली. पण २०१४च्या डिसेंबरात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि मी मिरजेला गेले. परत आले जानेवारीत. पुन्हा एक वर्ष. पुढच्या डिसेंबरात चुलतभावाचं लग्न. त्याच्या पुढच्या डिसेंबरात काहीच नव्हतं, पण आई फोनवर म्हणाली, “येणार ना गं?” आणि तिकिटं निघाली. जो दरवर्षी एकदा घरी जातो, त्याला बारा महिन्यांच्या नियमात बसायला जागाच नाही. वर्ष पूर्ण व्हायच्या आत त्याची बॅग भरलेली असते. तीन वर्षांतून एकदा जाणाऱ्याला रक्त देता येतं. आईवडिलांना वर्षात एकदा तरी भेटायचं असं ठरवलेल्याला येत नाही. सहा वर्षं मी या चक्रात फिरले.

त्यातच २०१८च्या डिसेंबरात वाटलं, अमेरिकेत नाही तर नाही, मिरजेतच देऊ या. नाताळच्या आठवड्यात आमच्या वॉर्डातल्या मंडळाचं शिबिर होतं, शाळेच्या हॉलमध्ये. बाकांवर गाद्या, दारात रांगोळी, स्पीकरवर पोवाडा. भाऊ आणि मी दोघं गेलो. टेक्निशियनने भावाचं बोट टोचलं आणि रक्ताचा एक थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडला. लहानपणी आप्पांचा थेंब बघायला मी टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून उभी राहायचे. तो लाल मणी क्षणभर पाण्यात थबकतो, जणू विचार करतो, आणि मग सरळ तळाला जातो. बुडाला तर हिमोग्लोबिन पुरेसं, तरंगला तर घरी जा. भावाचा बुडाला.

माझी पाळी आली तेव्हा तिथले तरुण डॉक्टर फॉर्म बघत म्हणाले, “ताई, तुम्ही परदेशातून आलात?”

“हो, न्यू जर्सीहून. पंधरा दिवस झाले.”

त्यांनी मोबाइलवर काहीतरी उघडून पुन्हा वाचलं. “मग घेता येणार नाही. तिकडे वेस्ट नाईल व्हायरस आहे ना. आपल्याकडे त्याची तपासणी होत नाही. चार महिने थांबायला लागतं.”

वेस्ट नाईल हाही डासांचाच आजार. १९९९मध्ये न्यूयॉर्कमध्ये आला आणि अमेरिकाभर पसरला. तो रक्तातून जातो हे २००२मध्ये कळलं आणि पुढच्याच वर्षापासून अमेरिका प्रत्येक पिशवीत त्याची तपासणी करायला लागली. म्हणजे अमेरिका तिथल्या डासाचा आजार रक्तात तपासते आणि माझ्या गावच्या डासाबद्दल प्रश्न विचारते. भारत मलेरिया रक्तात तपासतो आणि न्यू जर्सीच्या डासाबद्दल प्रश्न विचारतो. दोन्हीकडची रीत एकच. जे घरचं आहे ते प्रयोगशाळेत बघायचं, जे बाहेरून येऊ शकतं ते माणसाला विचारायचं. आणि माझ्यासारखी, जिचा एक पाय इथे आणि एक तिथे, ती दोन्ही टेबलांवर बाहेरची.

त्या डॉक्टरांनी नियम पाळला, याचा मला खरं तर आदर वाटला. शिबिराच्या गर्दीत, स्पीकरच्या आवाजात, नगरसेवक फोटोसाठी उभे असताना त्यांनी थांबून वाचलं. आप्पांना मात्र ते लागलं. घरी येताना ते रिक्षात काही बोलले नाहीत. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर म्हणाले, “आपल्या मिरजेत तुला नाही म्हणाले.” एवढंच.

परदेशप्रवासाचं आणि रक्ताचं नातं मलेरियापुरतंच नाही, हे मला आमच्या डॉक्टरकाकांमुळे कळलं. ते न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळातले सगळ्यात जुने. मुंबईत एम.बी.बी.एस. करून १९८४ साली एफ.आर.सी.एस. या सर्जनच्या परीक्षेसाठी ब्रिटनला गेले, चार वर्षं तिथल्या हॉस्पिटलांत राबले आणि मग अमेरिकेत आले. इथे ते नेमाने रक्त द्यायचे. १९९९मध्ये एक दिवस त्यांना सांगितलं गेलं की आता तुमचं रक्त चालणार नाही. वर्षभर नाही, तीन वर्षं नाही. कायमचं.

कारण ब्रिटनमधला गायींचा मेंदूचा आजार, ‘मॅड काऊ’. १९९६च्या मार्चमध्ये ब्रिटिश सरकारने संसदेत मान्य केलं की त्या गोमांसातून माणसांना तसाच आजार होत असावा. ब्रिटनमध्ये पुढे १७८ जणांना तो झाला. तो अनेक वर्षं शरीरात गप्प बसतो आणि रक्तात तो पकडणारी चाचणी नाही. म्हणून अमेरिकेने ठरवलं की १९८० ते १९९६ या काळात जो ब्रिटनमध्ये सहा महिने राहिला त्याचं रक्त घ्यायचं नाही. नंतर सहाचे तीन महिने केले. काका सांगायचे, “मी चार वर्षं वरण-भात नाहीतर ब्रेड-बटाटा खाऊन काढली. बीफ कधी तोंडात घातलं नाही.” पण नियम ताटाचा नव्हता, मुक्कामाचा होता. ही भीती अगदीच निराधार नव्हती. ब्रिटनमध्येच चार जणांना रक्तातून याची लागण झाल्याचं पुढे आढळलं. तिथे १९९९पासून रक्तातल्या पांढऱ्या पेशी गाळून काढायला लागले, आणि तसं गाळलेलं रक्त दिल्याने तो कुणाला झाल्याची नोंद नाही.

काका स्वतः सर्जन. रोज दुसऱ्यांचं रक्त रुग्णांना चढवायला सांगायचे. त्यांच्या पिढीतले कितीतरी मराठी डॉक्टर याच वाटेने आले: मुंबई-पुणे, मग ब्रिटन, मग अमेरिका. त्या सगळ्यांवर एकदम दार बंद झालं. काका कधी तक्रार करायचे नाहीत. दरवर्षी शिबिरात येऊन ज्यूसच्या टेबलापाशी बसायचे आणि रक्त देऊन उठलेल्या पोरांना चक्कर येते का ते बघायचे. तेवीस वर्षं. २०२२च्या मे महिन्यात ती अट उठली. त्या वर्षाच्या शेवटी, बहात्तराव्या वर्षी, काकांनी पुन्हा रक्त दिलं. इथे वयाची वरची मर्यादा नाही. मी त्यांच्या खुर्चीजवळ उभी होते. पिशवी भरत असताना ते तिच्याकडेच बघत होते. नळीतून रक्त उतरत होतं, खालचा पाळणा पिशवीला हळूहळू झुलवत होता. ते एकच वाक्य बोलले: “रंग चांगला आहे.”

माझी पाळी त्याच्या दोन वर्षं आधी आली होती.

२०२०च्या जानेवारीत मी नेहमीसारखी मिरजेहून परतले. मार्चमध्ये सगळं बंद झालं. शाळा, ऑफिसं, चर्चचे हॉल बंद म्हणजे रक्तदानाची शिबिरंही बंद. रक्तपेढ्या ओस पडायला लागल्या. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बरेच नियम सैल केले. त्यात मलेरियाच्या देशात जाऊन आल्यावरचं एक वर्ष कमी करून तीन महिने केलं. प्रवाशाला मलेरिया झाला असेल तर बहुधा तेवढ्यात ताप येऊन तो कळतो, हे त्यामागचं शास्त्र. जे मी सहा वर्षं वाट बघून मिळवू शकले नाही ते एका कागदाने झालं. आणि तो नियम बदलला तेव्हा भारताने आंतरराष्ट्रीय विमानं बंद करून दोन आठवडेही झाले नव्हते.

खास विमानं पुढे सुरू झाली, पण माझ्या व्हिसाचं असं होतं की गेले असते तर परत येता आलं असतं की नाही, सांगता येत नव्हतं. नवरा, पोरं इथे. नाही गेले. सप्टेंबरात एका शाळेच्या जिममध्ये शिबिर होतं, सहा-सहा फुटांवर खुर्च्या, सगळ्यांना मास्क. तोच प्रश्न. “भारत. मिरज. परत आले जानेवारीत.” नर्सने बोटांवर महिने मोजले आणि “छान,” म्हणाली. मला उठून जायची इतकी सवय झाली होती की मी पर्स उचललीसुद्धा होती.

संध्याकाळी आप्पांना फोन केला. त्यांच्याकडे पहाट होती.

“आप्पा, आज दिलं.”

“काय?”

“रक्त.”

ते खूश झाले. आईला हाक मारली. “किती घेतलं?”

“अर्धा लिटर.”

“बाप रे. आपल्याकडे साडेतीनशे. चहा दिला का?”

“ज्यूस दिला. बिस्किटं.”

“मग आता कसं काय चाललं त्यांना? आधी तर नाही म्हणत होते.”

मी नियम बदलल्याचं सांगितलं. तीन महिने झाले की चालतं म्हटलं.

“आणि तुला इथनं जाऊन किती झाले?”

“आठ.”

फोनवर बराच वेळ दोघं गप्प होतो. आठ महिन्यांचं त्यांनीही मनात मोजलं असणार. पुढे ते वीस-पंचवीस होणार आहेत हे तेव्हा दोघांनाही माहीत नव्हतं. मग ते म्हणाले, “बरं झालं. कुणाच्या तरी उपयोगी पडलं.” आणि फोन आईकडे दिला.

इथे आमच्या लोकांनी रक्त देण्याला एक खास महत्त्व आहे, आणि ते लोकांना माहीत नसतं. आपल्याकडे साधारण दर तीन माणसांत एक बी गटाचा. अमेरिकेत दहातला एक. ज्यांना थॅलसेमिया हा रक्ताचा जन्मजात आजार आहे, दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवायला लागतं, त्यांच्यासाठी नुसता ए-बी-ओ जुळून भागत नाही. तांबड्या पेशींवर इतरही खुणा असतात. त्या न जुळणारं रक्त पुन्हा पुन्हा दिलं तर शरीर त्याच्याविरुद्ध लढायला लागतं आणि पुढे रक्त मिळणंच अवघड होतं. अशा खुणा बहुधा आपल्याच मुलखातल्या माणसाशी जुळतात. बॉम्बे ब्लड ग्रुप हे तर टोकाचं उदाहरण. १९५२ साली परळच्या के.ई.एम.मधल्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधला. साध्या तपासणीत तो ओ वाटतो, पण त्या माणसाला ओ गटाचं रक्तही चालत नाही, फक्त त्याच गटाचं चालतं. आपल्याकडे तो साधारण दहा हजारांत एकाचा, युरोपात दहा लाखांत एकाचा. तसा माणूस शिकागोत अपघातात सापडला तर त्याला लागणारं रक्त ज्याच्या अंगात आहे तो कदाचित गेल्याच महिन्यात आईला भेटून आलेला असेल, आणि त्याला तीन महिने थांबायचं असेल.

म्हणून आमच्या मंडळाचं शिबिर मी हट्टाने हलवलं. आम्ही ते गणेशोत्सवात घ्यायचो. गणपतीत शिबिर, ही तर आपली परंपराच. रक्तपेढीची बस दारात उभी राहायची, आरतीनंतर रांग लागायची आणि निम्म्याहून जास्त लोक परत यायचे. पोरांच्या शाळांना जूनच्या मध्यावर सुट्टी लागते, लोक सुट्टीत भारतात जातात आणि ऑगस्टच्या शेवटी परततात. गणपती ऑगस्टच्या शेवटी नाहीतर सप्टेंबरात. कुणाचेच तीन महिने भरलेले नसायचे. दुसरा घोळका डिसेंबरात जातो, जानेवारीत येतो, त्यांचे एप्रिलच्या मध्यापर्यंत भरतात. दोन्ही घोळके एकदम सगळ्यात जास्त दिवस मोकळे सापडतात ते एप्रिलची अखेर ते जूनची सुरुवात या दिवसांत. मी हे कागदावर महिने आखून कमिटीला दाखवलं. गणपतीतलं कशाला हलवायचं, यावर बरीच चर्चा झाली. मग काका म्हणाले, “महाराष्ट्र दिनाच्या आठवड्यात घ्या.” आणि ते ठरलं.

नुकतीच आलेली मुलं मात्र कुठल्याच महिन्यात बसत नाहीत. एम.एस.ला आलेली, पहिल्या नोकरीतली. सगळ्यात उत्साही तीच असतात आणि त्यांची तीन वर्षं व्हायची असतात. सहा महिन्यांसाठी आलेले आईवडीलही नाहीत. गेल्या वर्षी साताऱ्याकडच्या एक बाई लेकाबरोबर आल्या होत्या. आप्पांसारखंच त्यांचंही रक्तदात्याचं कार्ड, जपून प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेलं, अमेरिकेला येताना सोबत आणलेलं. त्यांनी ते माझ्यासमोर ठेवलं. “माझं चालेल की. बघा, एकवीस वेळा दिलंय.” मला त्यांना नाही म्हणायला लागलं. मी खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसले आणि सगळं सांगितलं, डासापासून. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, “कुणाला बाधू नये, हे बरोबरच.”

या वर्षी माझंच चुकलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आप्पा न्हाणीघरात घसरले, खुब्याचं हाड मोडलं. मी मिळेल त्या विमानाने गेले. ऑपरेशनमध्ये त्यांना एक पिशवी रक्त लागलं. सलाइनच्या स्टँडला ती लटकत होती, तिच्यावर बी पॉझिटिव्हची चिठ्ठी, एक नंबर, मुदतीची तारीख. देणाऱ्याचं नाव नसतंच. मी बराच वेळ त्या नंबराकडे बघत बसले होते. दुसऱ्या दिवशी आप्पांना नीट जाग आली. माझ्याकडे बघून आधी ओळखीचं हसले. मग कपाळाला आठी घालून म्हणाले, “म्हणजे तुझं मेचं चुकलं की गं.”

शिबिराच्या दिवशी मी दारातल्या टेबलावर होते. नर्सकडे जायच्या आधी आम्ही लोकांना तारखा विचारून घेतो, म्हणजे कुणाचा तासभर फुकट जात नाही. वही उघडून बसले. कुठे कुठे मुक्काम होता? नाशिक. डोंबिवली आणि दापोली. इचलकरंजी, मग गोव्यात चार दिवस. नागपूर. अलिबाग. पुणे, नुसतं पुणे. एकेक जण गावाचं नाव सांगताना जरा हसतो. समोर तारीख लिहायची, महिने मोजायचे, आत पाठवायचं.

अकराच्या सुमाराला पंचविशीतला एक मुलगा आला. इथेच वाढलेला, मराठी थोडं अडखळत बोलणारा. आजी आजारी होती म्हणून गेलो होतो, म्हणाला. कुठे? सांगली. परत कधी? मी वहीत मोजलं, पुन्हा मोजलं. चार दिवस कमी पडत होते. तो म्हणाला, “फोर डेजच तर आहेत.” मी मान हलवली. एका चिठ्ठीवर पुढची तारीख लिहून त्याला दिली, जवळच्या रक्तपेढीचा पत्ता लिहिला. तो चिठ्ठी हातात धरून तसाच उभा राहिला.

“आजी कशी आहे आता?” मी विचारलं.

“बरी आहे. बसते उठून.”

आतून काकांची हाक आली, चहा उकळला होता आणि गाळायला कुणी नव्हतं. मी वही शेजारणीकडे दिली. तो मुलगा माझ्यामागून आला, गाळणं धरलं, आणि मी पातेलं तिरकं केलं.